मुंडाशाखालचं दुखणं

मला एक खोड आहे. काजूच्या कारखान्यात एकोणीस वर्षं निवडणीला बसल्यामुळे लागली असेल, नाहीतर जन्मापासूनच असेल. समोर ढीग आला की तो मला तसाच बघवत नाही. अख्खे एकीकडे, पाकळ्या एकीकडे, तुकडा वेगळा, डागी वेगळे. घरी आल्यावर हात थांबतात, डोकं काही थांबत नाही. शेजारची गिरिजा कुणाशी का अबोला धरून आहे, सासूबाईंचा गुडघा नेमका पाहुणे यायच्या दिवशीच का धरतो, हे सगळं मी मनातल्या मनात निवडत बसते. आमचे हे म्हणतात, "जलजा, तू पोलिसात जायला हवं होतंस. चोर नुसता कंटाळून कबूल झाला असता."

आमचे हे म्हणजे मंजय्या देवाडिग. यक्षगानाच्या मेळ्यात, म्हणजे गावोगाव पौराणिक खेळ करणाऱ्या मंडळीत, वेश करतात. बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत त्यांनी दूत केले, सेनापती केले, दुसऱ्यांच्या राजामागे भाला धरून उभे राहिले. या वर्षी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मेळ्याच्या यजमानांनी, म्हणजे मालकांनी, त्यांना कर्ण दिला. कर्ण म्हणजे मोठं मुंडासं, मधली जागा, आणि अख्ख्या हंगामाच्या पत्रकावर नाव. बातमी आली त्या दिवशी त्यांनी बांगड्याचं सार तीनदा मागून घेतलं आणि मग उजवा डोळा मिटून बराच वेळ भिंतीला टेकून बसले. आनंदाने बसले असं सासूबाईंना वाटलं. मला माहीत होतं, डोकं उठलं होतं.

हे डोकं पाच वर्षांचं. पहिल्या वर्षी ते पौषात सुरू झालं आणि पावसाळ्यात गेलं. मेळा दिवाळीनंतर निघतो आणि पावसाच्या तोंडावर घरी येतो. म्हणून सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की उघड्यावरच्या दवाने डोकं धरतंय. पटण्यासारखं होतं. मी लोकरीची कानटोपी विणून दिली. दुसऱ्या वर्षी कानटोपी घालूनही दुखलं. तेव्हा कुंदापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरने चष्मा दिला. चष्म्याने त्यांना वर्तमानपत्र छान दिसायला लागलं, डोकं मात्र जागच्या जागी राहिलं. तिसऱ्या वर्षी नाकाचं हाड वाकडं निघालं. चौथ्या वर्षी एकाने अर्धशिशी म्हणून गोळ्या दिल्या, त्या खाऊन हे दिवसभर झोपायचे आणि उठल्यावर पुन्हा डोकं धरायचे. मध्येच एक धडधाकट दाढ उपटून झाली. डोक्याचा फोटो काढला, तोही स्वच्छ आला. फोटो स्वच्छ आल्याचं कळल्यावर सासूबाई रडल्या, कारण आता उरला फक्त नागदोष. मग नागाच्या शांतीसाठी आश्लेषाबळी झाला. पुजाऱ्याने प्रसादाचा नारळ हातात देताना विचारलं, "आता कसं वाटतंय?" आमच्या ह्यांनी नम्रपणे सांगितलं, "भटजी, दुखतंय."

यंदा मात्र पावसाळ्यातही ते गेलं नाही. दव नाही, जागरण नाही, थंडी नाही, आणि तरी आठवड्यातून चार दिवस. दव-थंडीची गोष्ट तिथेच निकालात निघाली असं मी म्हटलं, तर कुणी ऐकलं नाही. मी देवळातून मिळालेल्या कॅलेंडरवर खुणा करायला लागले. दुखलं की फुली. मान वळवताना उठलं तर फुलीखाली रेघ. केस विंचरताना उठलं तर टिंब. हे बघून म्हणाले, "माझ्या डोक्याची तू पंचायत भरवलीस."

"पाच वर्षांत दुसऱ्या कुणी काय दिवे लावले ते सांगा."

"दुखतं कसं ते मला नीट सांगता येत नाही गं. मागून निघतं. कुणीतरी सुतळी ओढावी तसं टाळूवरून सर्रकन येतं आणि डोळ्याच्या मागे येऊन थांबतं. एक झटका. मग दुसरा. मग नुसतं ठणकत राहतं. आणि कातडी म्हणशील तर उशीसुद्धा सोसवत नाही."

"मागून म्हणजे कुठून?"

"मागून म्हणजे मागून, बाई मारायती. आता काय फूटपट्टी आणतेस?"

पाच वर्षांत हा प्रश्न मीही पहिल्यांदाच विचारला होता, याची मला आजही लाज वाटते. सगळ्यांनी डोळा बघितला, नाक बघितलं, दाढ बघितली. ते येऊन थांबायचं तिथे आम्ही शोधत होतो. ते निघतं कुठून, हे कुणी बघितलंच नव्हतं.

यजमानांच्या कानावर यातलं काही जाऊ द्यायचं नव्हतं. पहिला खेळ दिवाळीनंतर बाराव्या दिवशी. कर्ण रंगमंचावर डोकं धरून बसणार अशी शंका जरी आली असती, तरी वेश दुसऱ्याला गेला असता. मागे तीस वर्षांचा, उंचापुरा, खणखणीत आवाजाचा एक जण तयारच होता. हे यजमानांसमोर हसत बोलायचे आणि घरी येऊन डाव्या कुशीवर पडायचे. मला त्यांचा राग यायचा आणि जीवही तुटायचा.

दिवाळीच्या पहाटे आमच्याकडे सगळ्यांना तेल लावून न्हायला घालतात. घरातल्या बाईने पुरुषाच्या डोक्यावर तेल थापायचं, मग हंड्यातलं कढत पाणी. दरवर्षी हे उजवी बाजू चुकवून घ्यायचे. या वर्षी मी म्हटलं, चुकवायचं नाही. डाव्या कानामागून सुरुवात केली, हाडाच्या कडेने बोट फिरवत मधोमध आले, तिथून उजवीकडे दोन बोटं सरकले आणि जरा दाबलं.

ते पाटावरून ताडकन उठले. तेलाची वाटी लवंडली.

"काय केलंस?"

"बोट लावलं."

"डोळ्यात कशाला घातलंस?"

मी त्यांच्या पाठीमागे उभी होते. माझा हात त्यांच्या मानेवर होता. त्यांचा डोळा माझ्यापासून हातभर लांब, डोक्याच्या दुसऱ्या बाजूला. मग मी म्हटलं, "परत बसा."

"वेड लागलंय का?"

"एकदाच. हळू दाबते."

बसले. माणूस भोळा आहे. मी हळू दाबलं आणि त्यांच्या उजव्या डोळ्यातून टचकन पाणी आलं. डावीकडे तसंच दाबलं, काही नाही. पुन्हा उजवीकडे, पुन्हा पाणी. मला इतकं नवल वाटलं की त्यांना त्रास होतोय हे क्षणभर मी विसरले. स्वयंपाकघरातलं बटण दाबावं आणि ओसरीवरचा दिवा लागावा, तसा प्रकार.

त्या दिवशी मी स्वतःच्या डोक्यावर ती जागा दाबून बघितली. काही नाही. नीर डोसे घालत असलेल्या सासूबाईंची दाबली, त्या म्हणाल्या, "अजून जरा दाब, बरं वाटतंय." गिरिजा दिवाळीचे पोहे द्यायला आली, तिचीही दाबली. ती तेव्हापासून माझ्याशीही बोलत नाही. पण कुणाच्याच डोळ्यात पाणी आलं नाही. म्हणजे डाग होता तो या एकाच दाण्यात. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून रजा काढली आणि ह्यांना मंगळूरला नेलं.

डॉक्टर बाई होत्या, सहना उडुप नावाच्या, मेंदू आणि नसांच्या. वयाने लहान. मी जुने फोटो, चिठ्ठ्या आणि माझं कॅलेंडर टेबलावर ठेवलं. त्यांनी फोटो बाजूला सारले आणि कॅलेंडर उचललं. तेव्हाच ही बाई मला आवडली.

"ही टिंबं काय आहेत?"

"केस विंचरताना उठलं ते."

"रेघ?"

"मान वळवताना."

त्या उठून ह्यांच्या मागे गेल्या. मी "उजवीकडे, मधल्या हाडापासून दोन बोटं" असं म्हणायच्या आतच त्यांचं बोट तिथे पोचलं होतं. हे खुर्चीतून अर्धे उठले. डॉक्टर परत येऊन बसल्या आणि एकामागून एक विचारत गेल्या. कधी पडलात? मानेला मार? गाडीचा धक्का? हेल्मेट वापरता? झोपताना उशी कशी? हे प्रत्येकाला नाही म्हणत गेले. काम विचारलं, तर सांगितलं की पावसाळ्यात सुपारीच्या वाडीत जातो आणि एरवी वेश करतो. डॉक्टरांचे आजोबा म्हणे यक्षगानाचे वेडे होते.

"डोक्याला कधी काही घट्ट बांधता?"

"नाही, बाई."

मी ह्यांच्याकडे बघितलं. खोटं बोलत नव्हते. मनापासून आठवून नाही म्हणाले होते.

"अहो," मी म्हटलं, "मुंडासं?"

"मुंडासं काय घट्ट बांधणं असतं? तो वेश असतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती वेळ असतो तो वेश डोक्यावर?"

"बांधायला तासभर. मग खेळ संपेपर्यंत. पाच तास, सहा तास."

"आणि दुखत नाही?"

"मुंडासं सगळ्यांनाच दुखतं. पण ते दुखणं नव्हे."

"मग काय असतं?"

हे विचारात पडले. शेवटी म्हणाले, "ते बांधलेलं असतं."

इथे मला हसायला आलं नाही, कारण यामागचं मला माहीत होतं. आमच्याकडे शिकणाऱ्या पोराचं पहिलं मुंडासं गुरू स्वतः बांधतात. दोरी आवळताना पोराने 'दुखतं' म्हटलं, तर गुरू दोरी सोडून त्याला त्या दिवसापुरतं घरी पाठवतात. दुसऱ्या दिवशी पोरगं येतं आणि गप्प बसतं. खेळात मुंडासं ढळणं ही मोठी नामुष्की, जन्मभर टिंगल होते. म्हणून वळ उठले की शाबासकी, डोळ्यात पाणी आलं की बांधणी पक्की. अशी बावीस वर्षं गेल्यावर माणसाला डॉक्टरने दुखतं का विचारलं, तर तो दाढ दाखवणार, नाक दाखवणार. मुंडासं त्याला आठवणारच नाही.

"मला बांधून दाखवा," डॉक्टर म्हणाल्या.

"इथे?"

"इथेच." त्यांनी कपाटातून पट्टीच्या कापडाचे चार रोल काढून दिले.

हे आधी लाजले. मग पट्टी हातात घेतल्यावर त्यांचा चेहरा बदलला. एक टोक दातात धरलं, पहिला वेढा कपाळावरून, दुसरा त्यावर तिरका, मग दोन्ही हात मागे नेऊन मान खाली घातली आणि सगळा जोर लावून गाठ आवळली. दंडाच्या शिरा फुगल्या. गाठ बसली ती नेमकी उजवीकडे, मधल्या हाडापासून दोन बोटांवर. गाठ डावीकडे का नाही, तर हे उजव्या हाताने ओढतात.

डॉक्टरांनी त्या गाठीवर नुसतं बोट टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघी हसलो. हे आरशात स्वतःला बघत होते, त्यांना कळलंच नाही आम्ही का हसतोय.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मानेच्या मणक्यातून एक नस निघते, डोक्यामागच्या हाडाला वळसा घालून टाळूपर्यंत जाते. ऑक्सिपिटल नस म्हणतात तिला. ती जिथे स्नायूंतून वर येते, तिथे दाबली की चिडते. वर्षानुवर्षं दाबली की मग दाबायचीही गरज लागत नाही, आपली आपण चिडते. म्हणून यंदा पावसाळ्यातही दुखलं.

"पण डोळ्यात का?" मी विचारलं. माझी झोप उडवली होती ती याच गोष्टीने.

"ही नस आणि डोळ्याकपाळाची नस, दोघींचे निरोप आत एकाच खिडकीवर जातात. खिडकीवरच्या माणसाचा गोंधळ होतो. निरोप मागच्या गल्लीतून आलाय, आणि तो समजतो पुढच्या गल्लीतून आला."

"म्हणजे दाढ उगाच गेली," हे म्हणाले.

"दाढ उगाच गेली. अर्धशिशीशी हे इतकं मिळतंजुळतं असतं की चुकतं बऱ्याच जणांचं. पण अजून माझीही खात्री नाही. तिथे बधिर करायचं औषध टोचते. दुखणं गेलं, तर नस हीच."

टोचताना ह्यांनी माझा हात असा धरला की माझी बोटं पांढरी पडली. मग आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. चौथ्या मिनिटाला ते म्हणाले, "काही नाही झालं." सातव्या मिनिटाला त्यांनी हळूच डोकं मागच्या भिंतीला टेकवलं. दचकून पुढे घेतलं. पुन्हा टेकवलं आणि तसंच ठेवलं. मग म्हणाले, "जलजा, कंगवा आहे?"

पर्समधला कंगवा दिला. त्यांनी कपाळापासून मानेपर्यंत केस विंचरले. उजवीकडून, पूर्ण. पुन्हा विंचरले. समोर एक म्हातारी बसली होती, ती आपल्या नातीला म्हणाली, "लग्नाला निघालाय वाटतं." हे विंचरतच राहिले आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही रडले. पाच वर्षं या माणसाला कुणी खोटं ठरवलं नव्हतं, पण पूर्ण खरंही कुणी मानलं नव्हतं, मीसुद्धा.

निघताना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मान शेकायला सांगितली, मानेचे व्यायाम दाखवले. टोचलेल्याचा गुण काही आठवडे टिकेल, कदाचित काही महिने. "पण गाठ पुन्हा तिथेच बसली तर मी दर महिन्याला टोचत बसणार नाही. वेश करा, नाही म्हणत नाही. गाठ तिथे नको."

बसमध्ये हे उडुपीपर्यंत कंगव्याशी खेळत होते. नंतर चेहरा पडला.

"गाठ मागे नसेल तर मुंडासं उभं राहत नाही."

"कुणी सांगितलं?"

"तिम्मप्पा गुरूंनी."

"मग त्यांनाच विचारू."

"काय विचारू? दुखतं म्हणून? बावीस वर्षांनी?" ते खिडकीबाहेर बघायला लागले. "त्यापेक्षा कर्ण सोडतो. तब्येतीचं काहीतरी कारण सांगतो."

मला इतका संताप आला की मी शेजारी बसलेल्या बाईसमोरच बोलले. "तुम्हाला कारणच तर मिळालंय, अहो मारायरे. पाच वर्षं शोधून मिळालंय. आता ते सोडून दुसरं कुठलं सांगणार?"

दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. त्यांनी खरंच यजमानांना फोन लावायला घेतला होता, मी हातातून काढून घेतला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी साडी बदलली आणि म्हटलं, मी निघाले गुरूंकडे, तुम्ही येत असाल तर या. आले, दहा पावलं मागे.

तिम्मप्पा गुरूंचं वय शहात्तर. पन्नास वर्षांत त्यांचं मुंडासं एकदाही ढळलं नाही, अशी ख्याती. त्यांच्या हाताखालून निघालेली माणसं आजही तीन-तीन मेळ्यांत आहेत. आता वेश बंद, पण दर हंगामाच्या पहिल्या खेळाला रंगपटात येऊन बसतात आणि सगळे त्यांच्या पाया पडून मगच रंग लावतात. आम्ही गेलो तेव्हा ओसरीच्या बाकावर आडवे होते. उठून बसले. मी पेज नको म्हटलं, ताक नको म्हटलं, आणि माझी नजर बाकावर खिळली.

उशीच्या जागी चुंबळ होती. डोक्यावर घागर ठेवताना घेतात ती, कापडाची, मध्ये भोक असलेली.

आमचे हे अंगठ्याकडे बघत बसले होते. मी विचारलं, "गुरूजी, उशी घेत नाही तुम्ही?"

"सवय," ते म्हणाले.

"केव्हापासूनची?"

"असेल वीस-पंचवीस वर्षांची. उशी टोचते. चुंबळीत डोकं अधांतरी राहतं, बरं पडतं." मग जरा हसले. "म्हाताऱ्याची खोड. तुला काय त्याचं? मंजय्या, ही तुझी बायको माझा बिछाना बघायला आलीय का?"

"डोळ्यात पाणी येतं का तुमच्या?" मी विचारलं. "मधूनच? एकाच?"

हे मला कोपराने ढोसत होते. गुरूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा उजवा डोळा लालसर होता.

"मोतीबिंदू आहे," ते म्हणाले.

"मी तुमच्या डोक्याला हात लावू का, गुरूजी?"

शिष्याच्या बायकोने गुरूच्या डोक्याला हात लावायचा, हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गुरूंनी मात्र मान खाली घातली. मी मागे गेले. पांढरे विरळ केस, त्यांखाली कातडीवर दोरीची जुनी खाच, बोट फिरवलं तरी जाणवणारी. हाडाच्या कडेने मधोमध आले, उजवीकडे दोन बोटं सरकले. अगदी हलकं दाबलं.

पन्नास वर्षांत ज्यांचं मुंडासं ढळलं नाही ते गुरू आईला हाक मारून ओरडले.

आतून त्यांची सून धावत आली. त्यांनी हातानेच तिला परत पाठवलं. उपरण्याने डोळा पुसला, उजवाच. श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "ते दुखणं नव्हे."

"मीही तेच म्हणालो होतो, गुरूजी," हे म्हणाले. आल्यापासूनचं त्यांचं पहिलं वाक्य. मग सगळं बोलून गेले. दाढ, चष्मा, आश्लेषाबळी, पट्टीचं मुंडासं, कंगवा. गुरूंनी ते ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "त्याला नाव आहे?"

"आहे," मी म्हटलं. "ऑक्सिपिटल नस. ती दाबली गेलीय."

त्यांनी ते नाव ओठांत दोनदा म्हणून बघितलं, त्यांना जमलं नाही. "आणि औषध आहे?"

"आहे."

ते उठून अंगणात गेले. तुळशीपाशी पाठमोरे उभे राहिले. आम्ही ऐकतोय की नाही याचा विचार न करता म्हणाले, "त्रेचाळीस पोरांना मी माझ्या हाताने बांधलं." आम्ही न सांगताच उठून निघालो. काय ठरलं, काही ठरलं की नाही, आम्हाला कळलं नव्हतं. वाटेत हे म्हणाले, "संपलं. आता गुरू यजमानांना सांगणार." मलाही तीच भीती वाटत होती.

पहिल्या खेळाच्या संध्याकाळी मी शेकायची पिशवी घेऊन रंगपटापाशी गेले. एरवी बायका आत जात नाहीत, मी दाराच्या झापाशी उभी राहिले. गणपतीची पूजा झाली होती. माणसं ओळीने आपापल्या पेटीसमोर बसून रंग लावत होती. यजमान एका कडेला खुर्चीत. ह्यांचा चेहरा रंगला होता, मिशा चढल्या होत्या, आणि समोर मुंडाशाची दोरी पडली होती. ते तिला हात लावत नव्हते. तेवढ्यात तिम्मप्पा गुरू आले. सगळे उठले, पाया पडले. ते सरळ ह्यांच्या मागे जाऊन बसले आणि त्यांनी दोरी उचलली.

सगळा रंगपट बघायला लागला. बावीस वर्षं वेश करणाऱ्याला गुरू बांधून देत नाहीत, ते नवशिक्याचं काम.

गुरूंनी आधी मानेवरच्या त्या जागेवर मऊ कापडाची घडी ठेवली. दोरीचे वेढे नेहमीपेक्षा वर घेतले. दोन्ही टोकं मागून पुढे आणली आणि गाठ कपाळाच्या वर दिली, जिथे नंतर मुंडाशावरचं पदक येऊन ती झाकली जाते. दोन दिवस घरी नारळावर बांधून बघत बसले होते, हे मला त्यांच्या सुनेने मागाहून सांगितलं. त्यांनी दोरी ओढली आणि मध्येच थांबले.

"दुखतंय का?"

"नाही, गुरूजी," हे लगेच म्हणाले. जिभेला वळणच तसं.

"मंजय्या. मी विचारतोय."

"थोडं. डावीकडे."

गुरूंनी एक वेढा सोडला, पुन्हा घेतला. "आता?"

"आता नाही."

"उठ. गिरक्या घे."

हे उठले. त्या अरुंद जागेत चार गिरक्या घेतल्या, मग आठ. मुंडासं जरासं हललं, ढळलं नाही. यजमान खुर्चीतून पुढे झुकून बघत होते, ते मागे टेकले आणि म्हणाले, "बाहेर चंडे वाजायला लागलं, आटपा." कर्ण ह्यांचाच राहिला.

गुरू मात्र उठले नाहीत. ते तिथेच बसून होते, हातात उरलेली दोरी. मग ओळीच्या टोकाला बसलेला राक्षसाचा वेशधारी, सहा फूट उंच, लाल-काळा रंगवलेला, ज्याच्या डरकाळीने गावातली पोरं अजून आयांच्या मागे लपतात, तो आपली पेटी बाजूला सारून आला, गुरूंसमोर पाठ करून बसला आणि खाली बघत म्हणाला, "गुरूजी, मला पण दुखतं."

त्याच्यामागे आणखी दोघे उठले.